साचेवाल्याचे पाय

लालबागच्या आमच्या खोलीत एक पत्र्याची ट्रंक होती. तिच्या आत आमचे कपडे आणि वर आबांचे पाय. गिरणीत साच्यांवर, म्हणजे मागांवर, पहिली पाळी संपवून आले की आबा चटईवर आडवे होत, टाचा ट्रंकेवर टाकत. आई त्यांच्या नडगीवर अंगठा दाबायची. खळगा पडायचा. तो भरून येईपर्यंत ती आकडे मोजायची. वीसच्या पुढे गेली की म्हणायची, "आज साचे लई पळाले जणू."

सकाळी पाय बरे असत, संध्याकाळी घोटाच दिसत नसे. डावा पाय जास्त सुजे. पोटरीवर हिरव्या-निळ्या शिरा गांडुळांसारख्या वळलेल्या. चाळीत निदानाला तोटा नव्हता. कोणी मूत्रपिंड म्हणे, कोणी हृदय. ही दोन्ही कारणं खरोखर असू शकतात. एकाने तर दारूवर बोट ठेवलं, आणि आबा माळकरी!

कावसजी दावरांनी ताडदेवच्या गिरणीचा घाट 1854 साली घातला, तेव्हापासून मुंबईचं कापड उभ्या माणसांनीच विणलं. विजेचे दिवे आले तसा दिवस आणखी लांबला. मग कायदा त्याला इंचाइंचाने कापत गेला: 1911 साली पुरुषांना 12 तास, 1922 मध्ये 11, 1934 मध्ये 10. रविवारची सुट्टी त्याआधीची, 1890 ची, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीची. पण 1928 च्या मोठ्या संपामागचं एक दुखणं वेगळं होतं: दोन साच्यांच्या जागी तीन साचे एका माणसाकडे देण्याचा मालकांचा डाव. तास कमी झाले तरी धावपळ वाढली.

धावपळ म्हणजे चालणं नव्हे, हे मला फार उशिरा समजलं. चालताना पोटरीचे स्नायू शिरांना पिळतात आणि रक्त वर चढतं. शिरांतल्या बारीक झडपा ते परत खाली येऊ देत नाहीत. साचेवाला चालतो कुठे? अरुंद बोळात तो या साच्याकडून त्या साच्याकडे वळतो, तुटलेला धागा जोडतो, धोट्यात नवी कांडी घालतो, पुन्हा उभा. सूत तुटू नये म्हणून खात्यातली हवा मुद्दाम दमट ठेवायची, आणि उष्म्याने शिरा आणखी सैलावतात. वर्षानुवर्षं असं चाललं की झडपा नीट मिटेनाशा होतात आणि रक्त खाली तुंबतं. आबांच्या घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी पुढे तपकिरी पडली, खाजू लागली. ती खूण दिसल्यावर तरी आम्ही डॉक्टरकडे जायला हवं होतं.

1948 च्या कारखाना कायद्याचं 44 वं कलम मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसू आलं. उभ्याने काम करणाऱ्यांना, कामातून उसंत मिळेल तेव्हा टेकता यावं म्हणून बसायची सोय हवी, असं त्यात लिहिलं होतं. आबांना विचारलं. म्हणाले, "होतं की बाकडं. त्यावर आमचे डबे ठेवायचो."

18 जानेवारी 1982 ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. पगार थांबला. आई दुसऱ्यांच्या घरी पोळ्या लाटायला लागली, आणि आबांचा घोटा दिसू लागला. उन्हाळ्यात तिने एकदा अंगठा दाबला, खळगा पडलाच नाही. ती काही बोलली नाही.

गिरणी पुन्हा आबांच्या नशिबात नव्हती. एका इमारतीत रात्रपाळीचे वॉचमन झाले. तिथे त्यांना खुर्ची मिळाली, आयुष्यातली पहिली. महिन्याभरात सूज परत! पाय लोंबकळत ठेवून रात्रभर बसलं तरी रक्त तुंबायचं ते तुंबतंच. या वेळी मात्र डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी शिरा तपासल्या, घट्ट मोजे दिले, तासातासाला फेरी मारायला सांगितली. आणि एकच पाय अचानक सुजून दुखायला लागला तर रक्ताच्या गुठळीची शंका घेऊन तसेच दवाखान्याकडे निघा, असं बजावलं.

मग आबा दर तासाला उठायचे आणि आवाराच्या लोखंडी कठड्यावर काठी वाजवत एक चक्कर मारायचे. रहिवाशांना वाटे, म्हातारा काय जागरूक आहे!