बेगमी: कोरड्या नद्यांच्या खान्देशातील पूर आणि आपले घर

"डॉक्टर, आपल्याकडे प्यायला पाणी नाही, आणि तुम्ही पुराचे काय सांगता?" पावसाळ्याआधी मी रुग्णांना पुराच्या तयारीबद्दल विचारले की हमखास हेच उत्तर मिळते. त्यात चूक काही नाही. जळगाव-धुळ्याची ओळख उन्हाची. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पुढे जातो आणि पांझरा, गिरणा, तितूर यांच्या पात्रांत नुसती वाळू दिसते. पण वर्षातले आठ-नऊ महिने कोरडी असलेली नदी माणसाला बेसावध करते. खान्देशाचा इतिहास पाहिला तर हे लगेच पटते. म्हणून आज आधी थोडा इतिहास पाहू आणि मग घरातल्या तयारीकडे वळू.

1872 चा पूर

1872 साली गिरणा आणि पांझरा या दोन्ही नद्यांना अचानक मोठा पूर आला. इंग्रजी अमलातील गॅझेटियरमध्ये त्याची नोंद आहे. एकट्या धुळे शहरात 500 हून अधिक घरे वाहून गेली. 152 गावांचे कमी-अधिक नुकसान झाले. त्या काळच्या हिशेबाने सुमारे 16 लाख रुपयांची मालमत्ता नष्ट झाली.

त्या वेळी आपल्याकडची बरीच घरे मातीच्या भिंतींची आणि वर धाबे असलेली होती. उन्हाळ्यात अशा घरात गारवा असतो. मात्र भिंतीचा पाया पाण्यात भिजला की वरचे जड धाबे खाली येते. म्हणजे जे घर मे महिन्यात जीव वाचवते, तेच पुरात जीवावर उठते. आजही जुन्या गावठाणात अशी घरे आहेत. तुमचे घर तसे असेल तर पाणी भिंतीला लागण्याआधीच बाहेर पडा. "बघू, किती चढते ते" म्हणत थांबू नका.

पाऊस तिकडे, पूर इकडे

आपल्या नद्यांचा स्वभाव नीट समजून घ्या. पांझरा साक्री तालुक्यातल्या डोंगरांतून येते, गिरणा नाशिक जिल्ह्यातल्या सह्याद्रीतून. तापी तर मध्य प्रदेशातून आपल्याकडे येते. त्यामुळे तुमच्या अंगणात एक थेंबही पडलेला नसताना नदी दुथडी भरून वाहू शकते. भुसावळजवळच्या हतनूर धरणाचे 41 दरवाजे कधी उघडायचे, हे जळगावात किती पाऊस पडला यावर ठरत नाही. वरून किती पाणी येते, यावर ठरते.

ऑगस्ट 2019 मध्ये साक्रीकडे जोरदार पाऊस झाला आणि धुळ्यात पांझरेला मोठा पूर आला. दोन वर्षांनी, 30 ऑगस्ट 2021 च्या रात्री, चाळीसगावच्या दक्षिणेकडील डोंगरांत अतिवृष्टी झाली. 31 तारखेच्या पहाटे तितूर आणि डोंगरी नद्यांचे पाणी शहरात आणि आसपासच्या गावांत शिरले. गुरेढोरे वाहून गेली. कन्नड घाटात दरड कोसळून रस्ता बंद झाला. घाटाचा रस्ता बंद होणे याचा अर्थ समजून घ्या. औषधे आणणारी गाडी अडकते आणि रुग्णाला मोठ्या रुग्णालयात नेणारी रुग्णवाहिकाही अडकते. असा पहिला दिवस घराला स्वतःच्या भरवशावरच काढावा लागतो.

पाणी ओसरल्यावर

पूर म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर बुडणारी माणसे येतात. दवाखान्यातला अनुभव मात्र असा की गर्दी पाणी ओसरल्यावर सुरू होते. विहिरी, हातपंप आणि नळाच्या वाहिन्यांमध्ये घाण पाणी मिसळते आणि जुलाब-उलट्या सुरू होतात. पटकीच्या साथींनी जुन्या काळी गावेच्या गावे हवालदिल व्हायची. 1872 च्या पूरग्रस्तांना दूषित पाण्याचा धोका आजच्यासारखा कळणे शक्यच नव्हते, कारण रॉबर्ट कॉख यांनी कोलकात्यात पटकीचा जंतू ओळखला तो 1884 साली.

त्यावरचा सर्वांत सोपा उपचार घराघरांत पोहोचायला आणखी बराच काळ गेला. 1971 मध्ये बांगलादेश युद्धाच्या वेळी बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावण्यांत पटकीची साथ आली. शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले होते. तेव्हा डॉ. दिलीप महालनाबीस यांनी मीठ, साखर आणि खाण्याचा सोडा यांचे द्रावण पिंपांत तयार करून रुग्णांच्या नातेवाइकांनाच पाजायला सांगितले. सुमारे 30 टक्के असलेले मृत्यूचे प्रमाण 4 टक्क्यांच्या खाली आले. जलसंजीवनी म्हणजेच ओआरएस ती हीच. तेव्हा कित्येक जीव वाचले ते रुग्णाजवळ बसलेल्या आई, भाऊ, शेजारी यांच्या हातून. घराची तयारी किती मोलाची असते, ते यावरून कळते.

दुसरा धडा मुंबईचा. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला. लोक तासन्‌तास तुंबलेल्या पाण्यातून चालले आणि पुढच्या आठवड्यांत लेप्टोस्पायरोसिसचे रुग्ण वाढले. उंदीर आणि जनावरांच्या लघवीतून हे जंतू पाण्यात येतात आणि पायावरच्या जखमेतून शरीरात शिरतात. पुराच्या पाण्यातून चालल्यानंतर महिनाभरात ताप आला, विशेषतः पोटऱ्या दुखून, डोळे लाल होऊन आला, तर "मी पाण्यातून चाललो होतो" हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. या एका वाक्याने निदान लवकर होते.

आता आपली बेगमी

उन्हाळ्यात बिबडे, पापड, कुरडया करून ठेवणाऱ्या खान्देशी घराला बेगमी म्हणजे काय हे मी सांगायला नको. फक्त त्याच यादीत पुढील गोष्टी जोडा.

1. रोजची औषधे. पुरानंतर रुग्ण येतात ते "गोळ्या वाहून गेल्या, नाव आठवत नाही, एक पांढरी आणि अर्धी गुलाबी" असे सांगत. रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार, फिट्स आणि दमा यांची औषधे पावसाळ्यात किमान 15 दिवसांची जास्तीची ठेवा. फिट्सची गोळी एकदम बंद झाली तर झटका येऊ शकतो.

2. कागद. डॉक्टरांची चिठ्ठी, आधार कार्ड आणि शिधापत्रिका प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. चिठ्ठीचा फोटो मोबाइलमध्ये घ्या आणि दुसऱ्या गावातल्या एका नातेवाइकालाही पाठवा.

3. इन्सुलिन. वीज गेली म्हणून इंजेक्शन बंद करू नका. वापरात असलेली बाटली सावलीत, गार जागी साधारण चार आठवडे टिकते. घट्ट बंद पिशवीत घालून ती मातीच्या माठाजवळ किंवा ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. बर्फाला चिकटू देऊ नका, गोठलेले इन्सुलिन निकामी होते.

4. जलसंजीवनी. दहा पुड्या घरात असू द्या. पुडी संपली तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घाला. मीठ जास्त पडू देऊ नका.

5. पाणी. झाकणाच्या भांड्यात माणशी निदान तीन-चार लिटर पाणी रोजच्या हिशेबाने तीन दिवसांचे भरून ठेवा. पुरानंतरचे गढूळ पाणी चौपदरी सुती कापडातून गाळा आणि उकळून प्या, किंवा क्लोरीनच्या गोळ्या पाकिटावरील सूचनेप्रमाणे टाका.

6. वीज आणि साप. घर सोडण्याआधी मेन स्विच बंद करा, पण पाण्यात उभे राहून त्याला हात लावू नका. घरात परतताना कोपऱ्यांत, अंथरुणांत आधी काठीने पाहा. साप चावला तर कापू नका, चोखू नका, घट्ट दोरी बांधू नका. तो अवयव हलू न देता सरळ सरकारी रुग्णालय गाठा.

7. आधी हलवायची माणसे. दिवस भरत आलेली गर्भवती, डायलिसिसवरचा रुग्ण, अंथरुणाला खिळलेले आजी-आजोबा यांना इशारा मिळताच, उजेड असतानाच सुरक्षित गावी हलवा.

8. क्रमांक. रुग्णवाहिका 108, कोणतीही तातडीची मदत 112, जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष 1077. हे भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहा, म्हणजे नातवंडांनाही वाचता येईल.

घरातला जागल्या

पांझरा नदीवर शेकडो वर्षे चालत आलेली फड पद्धत तुम्हाला ठाऊक असेल. बंधाऱ्याचे पाणी सगळ्यांना वाटून देण्याच्या त्या व्यवस्थेत पाटकरी होता, तसाच पिकाची राखण करणारा जागल्याही होता. प्रत्येकाने सारी रात्र जागायची गरज नसे, एक जण जागा असे आणि ते ठरलेले असे.

तसाच एक जागल्या तुमच्या घरात ठरवा. जोराच्या पावसाच्या किंवा धरणातून पाणी सोडल्याच्या रात्री त्याचा मोबाइल चार्ज असावा, आवाज सुरू असावा. नदीकाठच्या शेजाऱ्यांना उठवण्याचे कामही त्याचेच. आज संध्याकाळी जेवताना एवढेच विचारा: आपल्याकडे जागल्या कोण, आणि औषधांची पिशवी कुठे टांगायची? दोन्हींची उत्तरे मिळाली की निम्मी बेगमी झाली.