घाट चढणारें गोडें पाणी

इ. स. १६६४ मध्यें मालवणसमोरील कुरटे बेटावर छत्रपति शिवाजीमहाराजांनीं सिंधुदुर्गाचें बांधकाम आरंभिलें. चोहों बाजूंनीं खारा समुद्र. परंतु किल्ल्याच्या आंत दूधबाव, दहीबाव व साखरबाव या तीन विहिरींस गोडें पाणी. तें नसतें, तर एवढी भक्कम तटबंदीहि वेढ्यांत टिकाव धरूं शकली नसती. याच किनाऱ्यावर विसाव्या शतकांत आणखी एका गोष्टीचें जीवित गोड्या पाण्यावर अवलंबून राहिलें. ती गोष्ट म्हणजे प्रवाशांची मोटार-बस.

मालवणचा जुना राजमार्ग म्हणजे समुद्र. परंतु पावसाळा लागला कीं मुंबईच्या आगबोटी बंद होत. कोंकण रेल्वे पूर्ण झाली ती १९९८ सालीं. ती होईपर्यंत आगगाडी गांठावयाची तर कोल्हापूर किंवा बेळगांव, आणि वाटेंत फोंड्याचा अगर आंबोलीचा घाट. १ जून १९४८ रोजीं पुणें-नगर मार्गावर बेडफर्ड गाडीनें राज्य परिवहनाचा आरंभ झाला, आणि पुढें ही सेवा कोंकणच्या खेड्यापाड्यांत पोंचली. रोगी, परीक्षेस निघालेला विद्यार्थी, कोर्टाची तारीख असलेला शेतकरी, या सर्वांस पावसाळ्याचे चार महिने बसचाच आधार असे.

बसच्या एंजिनांत इंधन जळून जी उष्णता उत्पन्न होते, तिच्यापैकीं सुमारें एक चतुर्थांश ते एक तृतीयांश भाग पाण्यानें वाहून न्यावा लागतो. पंप हें पाणी तप्त सिलिंडरांभोवतीं फिरवितो. तेथून तें रेडिएटरमध्यें येतें आणि पंख्यानें ओढलेल्या वाऱ्यानें निवून पुन्हां कामास लागतें. मायबाख या जर्मन यंत्रज्ञानें १९०१ सालच्या मर्सिडीज गाडीस मधमाश्यांच्या पोळ्यासारखा रेडिएटर बसविला. त्यांत हवा खेळण्यास आठ हजारांहून अधिक नळ्या होत्या. वाटा जितक्या बारीक, तितका वाऱ्याचा स्पर्श अधिक. परंतु बारीक वाटा तुंबण्यासहि थोडाच गाळ पुरतो.

घाटांत या व्यवस्थेची खरी परीक्षा होते. भरलेली गाडी पहिल्या गिअरमध्यें चढतांना एंजिन जोरानें फिरतें, गाडी मात्र मंद चालते. समोरचा वारा नाहींसा होतो आणि सारी भिस्त पंख्यावर येते. त्यांतून पाण्याचा उत्कलनबिंदु दर हजार फुटांस सुमारें एका अंशानें उतरतो, आणि आंबोली दोन हजार फुटांहून उंच. पुढें दाबाचें झांकण आलें. चौरस इंचास सात पौंड दाब राखिल्यास पाणी सुमारें ११० अंशांपर्यंत उकळत नाहीं. परंतु त्याच दाबामुळें तापलेलें झांकण उघडणें अधिक घातक झालें. कोंडलेलें पाणी वाफेसह हातातोंडावर उसळतें.

खरें मर्म पाण्याच्या जातींत आहे. खाडीकांठच्या विहिरी उन्हाळ्यांत मचूळ होतात. तें पाणी घातलें तरी त्या दिवशीं गाडी चालते. परंतु पाणी वाफ होऊन जातें आणि क्षार मागें राहतात. त्यांचें पुट उष्णतेस अडवितें, मीठ लोखंडास गंज आणितें, आणि तो गंज रेडिएटरांत जाऊन बसतो. हें नुकसान कित्येक महिन्यांनीं, आणि तेंहि बहुधा घाटांतच, प्रकट होतें. म्हणून शहाणा ड्रायव्हर गोड्या विहिरीचें गाळलेलें पाणी डब्यांत भरून बरोबर ठेवी.

जुन्या बसची निगा आजहि याच नियमांनीं चालते. सकाळीं एंजिन थंड असतांना पाण्याची पातळी पाहावी. पंख्याचा पट्टा ढिला नाहीं ना, रबरी नळ्या फुगल्या नाहींत ना, हें हातानें चांचपावें. रेडिएटरवर बसलेला चिखल मागच्या बाजूनें पाण्याची धार सोडून काढावा. आणि ठराविक काळानें उलट दिशेनें पाणी सोडून आंतील गाळहि धुवावा. कोंकणांत पाणी गोठत नाहीं, तरी गंजरोधक द्रव मिसळणें हितावह. आणि गाडी उकळलीच, तर थांबावें. तापलेल्या एंजिनांत एकदम थंड पाणी ओतल्यास ओतीव लोखंडास तडा जातो.

त्या अर्ध्या तासांत प्रवासी कुरकुरत. कोणाची आगगाडी चुके, कोणाची दवाखान्याची वेळ टळे. परंतु एंजिन तडकलें, तर ऐन पावसाळ्यांत कित्येक दिवस साऱ्या गांवाची वाट बंद होई. एका फेरीचा उशीर पत्करणारा ड्रायव्हर पुढल्या शंभर फेऱ्या राखी. किल्ला राखणाऱ्यांनीं तटाइतकीच विहीर जपली. घाटाच्या वाटेवरील बसलाहि तोच न्याय लागू पडतो.