पाकव्यवसाय-शिक्षण, शालेय

माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्यांना उपाहारगृहे, हॉटेले, रुग्णालये, वसतिगृहे इ. ठिकाणच्या स्वयंपाकाच्या व्यवसायासाठी तयार करणारे शिक्षण. घरगुती पाकशिक्षणाहून ते भिन्न आहे. कुटुंबापुरते अन्न शिजविता येणे येथे पुरेसे नसते; शेकडो माणसांचे जेवण ठरलेल्या वेळी, ठरलेल्या खर्चात व सारख्या चवीचे तयार व्हावे लागते. म्हणून पाककृतींबरोबरच सुरीचा सफाईदार वापर, मोजमाप, अन्नाची साठवण व सुरक्षितता, खर्चाचा हिशेब आणि कामाची विभागणी यांचाही त्यात अंतर्भाव होतो.

यूरोपात हा व्यवसाय दीर्घकाळ उमेदवारीतूनच शिकला जाई. भटारखान्यात पडेल ते काम करीत मुलगा हळूहळू आचारी बने. शाळेत पाकशिक्षण शिरले, ते मात्र या व्यवसायासाठी नव्हे, तर भावी गृहिणींसाठी. लंडनमध्ये १८७४ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पाकशाळेत शिक्षिका तयार होऊ लागल्या व १८८२ पासून प्राथमिक शाळांतील मुलींच्या पाकशिक्षणास सरकारी अनुदान मिळू लागले. अमेरिकेत बॉस्टन येथील पाकशाळा १८७९ मध्ये निघाली. अशा रीतीने पुरुषांचा सवेतन धंदा आणि स्त्रियांचे विनावेतन कर्तव्य अशी एकाच विद्येची फाळणी झाली व शाळेने त्यांतील दुसरी बाजू उचलली.

ही फाळणी कशी बुजत गेली, हे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या इतिहासात स्पष्ट दिसते. जॉन ड्यूई यांनी १८९६ मध्ये शिकागो येथे काढलेल्या प्रयोगशाळेत मुलगे व मुली दोघेही स्वयंपाक करीत. परंतु तेथे तो धंदा म्हणून नव्हे, तर विज्ञान व समाजजीवन समजून घेण्याचे साधन म्हणून शिकविला जाई. १९१७ च्या स्मिथ-ह्यूझ कायद्याने शेती, उद्योगधंदे व गृहविज्ञान यांच्या शालेय शिक्षणास संघीय अनुदान दिले. स्वयंपाक गृहविज्ञानात गणला गेल्याने तो मुख्यतः मुलींचाच विषय राहिला. कृष्णवर्णीय मुलींच्या बाबतीत तर त्याचा रोख पुष्कळदा परक्याच्या घरची चाकरी हाच असे. १९६३ च्या व्यवसाय-शिक्षण कायद्याने गृहविज्ञानाची सांगड अर्थार्जनाशी घातली. शिक्षणातील लिंगभेदास बंदी करणाऱ्या १९७२ च्या कायद्यामुळे हे वर्ग मुलग्यांनाही खुले झाले. पुढे १९९० मध्ये रिचर्ड ग्रॉसमन यांनी न्यूयॉर्कमधील सार्वजनिक शाळांतील गरीब मुलांसाठी पाकप्रशिक्षण, स्पर्धा व शिष्यवृत्त्या यांची योजना आखली. उपाहारगृह-व्यवसायाच्या शैक्षणिक प्रतिष्ठानाने चालविलेल्या ‘प्रोस्टार्ट’ या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात प्रमाणपत्रासाठी परीक्षांखेरीज ४०० तासांच्या प्रत्यक्ष कामाची अट घालण्यात आली.

भारतात स्वयंपाक घरात स्त्रीचे कर्तव्य, तर समारंभांत व खाणावळींत पुष्कळदा जातीने ठरलेले काम होते. लीलावती मुनशी यांच्या पुढाकाराने १९५४ मध्ये मुंबईत खाद्यव्यवस्थेचे शिक्षण देणारी संस्था निघाली. पण ते शिक्षण शालान्त परीक्षेनंतरचे होते. कोठारी आयोगाने (१९६४–६६) माध्यमिक शिक्षणाच्या व्यवसायीकरणावर भर दिला. १९८६ च्या राष्ट्रीय धोरणाने १९९५ पर्यंत उच्च माध्यमिक स्तरावरील २५ टक्के विद्यार्थी व्यवसायशाखेकडे वळविण्याचे उद्दिष्ट ठेवले. ते साध्य झाले नाही. पुढे केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने ‘फूड प्रॉडक्शन’ हा ऐच्छिक विषय ठेवला आणि २०२० च्या धोरणाने सहावीपासूनच व्यवसायांचा परिचय सुचविला.

या शिक्षणापुढील मूळ प्रश्न पाककृतींचा नाही. सुसज्ज पाकगृह, पुरेसा शिधा व धंद्याचा अनुभव असलेला शिक्षक यांवाचून ते केवळ पुस्तकी राहते; कारण हाताचे कौशल्य पुनरावृत्तीनेच येते आणि प्रत्येक पुनरावृत्तीस शिधा लागतो. उलट, अभ्यासात मागे पडलेल्यांचीच तेथे रवानगी झाली व उच्च शिक्षणाचा मार्ग बंद झाला, तर ते गरिबांच्या मुलांना कमी वेतनाच्या कामाशी जखडून ठेवते. व्यवसायाची वाट दाखविताना पुढील शिक्षणाची वाट उघडी ठेवणे, हीच त्याच्या यशाची खरी कसोटी होय.