रांगत परतलेले प्राध्यापक : अर्धांगवायू आणि एक घाईचं अनुमान

मंडळी, अर्धांगवायू झालेला माणूस पुन्हा उभा राहतो, तोल सांभाळत चालू लागतो, तेव्हा नेमकं काय परत येतं? प्रश्न वैद्यकाचा वाटतो. पण त्यात तर्काची एक चूक दडलेली आहे. आज आपण तिचाच इतिहास पाहू.

1913-14 मध्ये स्पॅनिश शास्त्रज्ञ सांतियागो रामोन इ काहाल यांनी मज्जासंस्थेच्या ऱ्हासावर आणि पुनर्निर्मितीवर मोठा ग्रंथ लिहिला. त्यांचं म्हणणं दुहेरी होतं. प्रौढ मेंदूत मेलेलं परत उगवत नाही, आणि तिथले मार्ग ठरून गेलेले असतात. हा कठोर निवाडा भावी विज्ञानाने बदलावा, अशी आशाही त्यांनी तिथेच नोंदवली. पण आशा मागे पडली आणि निवाडा तेवढा लक्षात राहिला. त्यावरून पुढे अनुमान निघालं : मेंदूचा भाग गेला, म्हणजे त्याचं कामही कायमचं गेलं.

आता न्यूयॉर्कला जाऊ. पेद्रो बाख-इ-रिता हे कातालान कवी, सिटी कॉलेजात शिकवत. 1950 च्या दशकाच्या अखेरीस, वयाच्या पासष्टीत त्यांना झटका आला. अर्धं अंग लुळं पडलं, वाचा गेली. मुलगा जॉर्ज तेव्हा मेक्सिकोत वैद्यकाचं शिक्षण घेत होता. तो वडिलांना तिकडे घेऊन गेला. तिथे चार आठवडे उपचार झाले, फरक पडला नाही. पुनर्वसनाचं शास्त्र त्याला ठाऊक नव्हतं. त्याने साधा विचार केला : मूल आधी रांगतं, मग चालतं, तर वडिलांनीही रांगायला शिकावं.

गुडघ्यांना पट्टे बांधून, लुळा खांदा भिंतीला टेकवून म्हातारे गृहस्थ रांगू लागले. पुढे अंगणातही रांगत. शेजारी कुरकुरले, प्राध्यापकाला असं जनावरासारखं रांगवणं शोभतं का? आपण थबकावं ते इथे. पडायचा, धडपडायचा हक्क आपण मुलाला देतो. म्हाताऱ्याला मात्र ‘बसा, आम्ही करतो’ म्हणतो. त्यात माया असते, पण तोल शिकायची संधीही तिथेच जाते.

रांगण्यातून उभं राहणं आलं, उभं राहण्यातून चालणं. वर्षभरात ते पुन्हा शिकवू लागले. पुढे कोलंबियात डोंगर चढताना हृदयविकाराने ते गेले, बहात्तराव्या वर्षी. शवविच्छेदनात दिसलं की मेंदूतली मोठी इजा तशीच होती! म्हणजे मेलेलं परत उगवलं नव्हतं. काम मात्र परत आलं होतं. उरलेल्या मेंदूने ते दुसऱ्या वाटेने उचललं होतं. जॉर्जचे बंधू पॉल यांनी मेंदूच्या या लवचीकतेच्या अभ्यासाला आयुष्य दिलं.

एका उदाहरणाने सिद्धांत होत नाही, हे आपण जाणतो. ‘जितकं लवकर, जितकं जास्त, तितकं चांगलं’ हेही घाईचंच अनुमान आहे. 2015 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या, दोन हजारांहून अधिक रुग्णांच्या चाचणीत पहिल्या चोवीस तासांत सुरू केलेली जास्त हालचाल नेहमीच्या उपचारापेक्षा कमी फलदायी ठरली. 2011 मध्ये 408 रुग्णांवरची अमेरिकन चाचणी प्रसिद्ध झाली. शरीराचा भार पेलणाऱ्या ट्रेडमिलवरचा सराव घरी फिजिओथेरपिस्टने करून घेतलेल्या व्यायामापेक्षा सरस ठरला नाही. दोन्हीकडे रुग्ण सुधारले, हे महत्त्वाचं.

तेव्हा घरात असा रुग्ण असेल, तर ‘आता काही होणार नाही’ या वाक्यापाशी आपण थांबू नये. कधी, किती आणि कोणाच्या देखरेखीखाली, हे मात्र जाणकाराला विचारावं. आता प्रश्न घेऊ या.