उसाच्या ट्रॉलीला ब्रेक : गरज का, प्रकार कोणते, बसवताना काय बघायचं

सोलापूर : गळीत हंगाम सुरू झाला की जिल्ह्यातले रस्ते बदलतात. माळशिरस, पंढरपूर, माढा, करमाळा, मोहोळ, कुठल्याही तालुक्यात रात्री बाहेर पडा, पुढे दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर दिसतोच. कार्तिकी आणि माघी या दोन्ही वाऱ्या याच हंगामात येतात. म्हणजे पंढरपूरच्या रस्त्यांवर उसाची वाहनं आणि पायी चालणारे वारकरी एकाच वेळी असतात.

रिफ्लेक्टर, लाल कापड, मागचा दिवा यावर दरवर्षी बोललं जातं आणि ते गरजेचंच आहे. पण ते मागून येणाऱ्यासाठी झालं. पुढे कोणी आडवं आलं तर हे धूड थांबणार कसं, हा प्रश्न मात्र मागे पडतो. गावात वेल्डिंगच्या दुकानात तयार झालेल्या बऱ्याच ट्रॉल्यांना ब्रेकच नसतो. चाकाला नुसता हब, ड्रम नाही, लायनर नाही. सगळी भिस्त ट्रॅक्टरच्या ब्रेकवर. ती भिस्त का चालत नाही, आणि ट्रॉलीला ब्रेक बसवायचा तर काय बघायचं, याची ही माहिती.

ट्रॅक्टरचा ब्रेक का पुरत नाही?

ब्रेक चाकाला धरतो, पण गाडी थांबते ती टायर रस्त्याला धरतो म्हणून. आणि टायर किती धरणार, हे त्या चाकावर वजन किती आहे यावर ठरतं. ट्रॅक्टरचा ब्रेक साधारणपणे फक्त मागच्या दोन चाकांना असतो. चार चाकी ट्रॉलीचं वजन तिच्या स्वतःच्याच चाकांवर असतं, ट्रॅक्टरवर ते येत नाही. त्यामुळे पॅडल कितीही जोरात दाबा, ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवर जेवढं वजन तेवढीच पकड मिळणार. त्याहून जास्त दाबलं तर चाक घसरतं.

एक हिशोब करून बघू. ट्रॅक्टर अडीच टनाचा, मागे भरलेल्या दोन ट्रॉल्या मिळून २० टन धरा. कोरड्या डांबरीवर ट्रॅक्टरची मागची चाकं साधारण एक टनाएवढा जोर लावून धरू शकतात. चाकं फिरताना आपसूक होणारा थोडा विरोध त्यात मिळवला, आणि ड्रायव्हरला पाय ब्रेकवर न्यायला एक सेकंद लागतो असं धरलं, तर सपाट रस्त्यावरचं गणित असं येतं :

• वेग ताशी २० किलोमीटर, ट्रॉलीला ब्रेक नाही : थांबायला सुमारे ३२ मीटर
• वेग ताशी ३० किलोमीटर, ट्रॉलीला ब्रेक नाही : सुमारे ६८ मीटर
• वेग ताशी २० किलोमीटर, ट्रॉल्यांच्या चाकांनाही चांगला ब्रेक : सुमारे ११ मीटर
• वेग ताशी ३० किलोमीटर, ट्रॉल्यांच्या चाकांनाही चांगला ब्रेक : सुमारे २० मीटर

हा झाला सपाट, कोरडा रस्ता. उतारावर गणित आणखी बिघडतं. शंभर फुटाला चार फूट उतार असेल तर २० च्या वेगालाही थांबायला ८० मीटरच्या वर जागा लागते. शंभर फुटाला सहा फूट उतार असेल तर मागच्या वजनाचा रेटा आणि ट्रॅक्टरची पकड जवळपास सारखी होते. म्हणजे ब्रेक पूर्ण दाबलेला असूनही गाडी थांबत नाही. नदीच्या पुलाकडे उतरणारा रस्ता, कॅनॉलवरून खाली येणारा रस्ता, उड्डाणपुलाचा उतार अशा जागी "ब्रेक फेल झाला" असं म्हटलं जातं. अनेकदा ब्रेक शाबूत असतो, फक्त त्याला न झेपणारं वजन मागे असतं. रस्त्यावर चिखल किंवा पाचट पडलेलं असेल तर पकड अजून कमी.

दुसरा धोका आडवं होण्याचा. ट्रॅक्टर थांबायला बघतो आणि मागची ट्रॉली ढकलत राहते. वळणावर असं झालं की ट्रॅक्टर आणि ट्रॉली यांची कात्री होते. ड्रायव्हर मधे सापडतो.

ब्रेकचे प्रकार

*रेट्यावर चालणारा ब्रेक.* ट्रॅक्टर हळू झाला की ट्रॉली पुढे रेटते. तो रेटा ट्रॉलीच्या दांडीतल्या सरकत्या भागावर येतो आणि तारेने किंवा लिव्हरने ट्रॉलीचा ब्रेक ओढला जातो. ट्रॅक्टरला काही जोडावं लागत नाही. एका लहान ट्रॉलीला हा ठीक. पण मागे घेतानाही रेटा येतो आणि ब्रेक लागतो, म्हणून रिव्हर्ससाठी वेगळं लॉक लागतं. उसाच्या जोड ट्रॉलीला हा पुरत नाही.

*हायड्रोलिक ब्रेक.* ट्रॅक्टरच्या हायड्रोलिक पंपाचं तेल एका खास व्हॉल्व्हमधून ट्रॉलीच्या ब्रेक सिलिंडरला जातं. पॅडल जेवढं दाबाल तेवढाच दाब तो व्हॉल्व्ह पुढे सोडतो. जोडणी सुटसुटीत असते. उणीव ही की इंजिन बंद पडलं तर दाब जातो, आणि एकाच पाइपाची जोडणी असेल तर पाइप फुटल्यावर ट्रॉलीला ब्रेक राहत नाही.

*एअर ब्रेक.* इंजिनवर कॉम्प्रेसर, ट्रॅक्टरवर हवेची टाकी, आणि ट्रॉलीवर स्वतःची वेगळी टाकी. दोन पाइप मागे जातात. लाल पाइपातून हवा सतत भरत राहते, पिवळ्यातून ब्रेक दाबल्याचा हुकूम जातो. मोठा फायदा असा की पिन निघून ट्रॉली सुटली आणि लाल पाइप तुटला, तर ट्रॉलीचा ब्रेक आपोआप लागतो. दोन ट्रॉल्या ओढायच्या असतील तर याच प्रकाराचा विचार आधी करावा. खर्च आणि देखभाल जास्त, पण जड वजनाला हाच खात्रीचा.

अमेरिकेत पिकअपच्या मागे जड ट्रेलर ओढणारे शेतकरी विजेचा ब्रेक वापरतात. ड्रायव्हरजवळ एक छोटा कंट्रोलर असतो. पॅडल दाबलं की तो ट्रेलरच्या ड्रममधल्या चुंबकाला वीज देतो. ट्रेलर भरलेला आहे की रिकामा, त्याप्रमाणे जोर कमीजास्त करता येतो. ट्रेलर सुटला तर त्याच्यावरच्या बॅटरीने ब्रेक लागतो. साधन वेगळं, पण तत्त्व आपल्याच कामाचं : ओझं ज्या चाकांवर, ब्रेक त्या चाकांना, आणि जोडणी तुटली तरी ब्रेक लागला पाहिजे.

बसवताना क्रम कसा असावा?

१. आधी वजन बघा. भरलेल्या ट्रॉल्यांचं वजन काट्याच्या पावतीवर मिळतंच. अंदाजाने नाही, त्या आकड्यावर ब्रेकचं माप ठरवा. ओझं कमी दाखवून स्वस्तातलं किट घेतलं तर पैसे वाया.

२. एक्सल बघा. नुसता हब असेल तर ड्रमसह तयार ब्रेक एक्सल बसवावा. जुन्या एक्सलवर कुठेही प्लेट वेल्ड करून ब्रेक टांगू नये. ब्रेक दाबल्यावर सगळा पीळ त्याच वेल्डवर येतो. पाटे आणि त्यांचे यू-बोल्टही त्याच वेळी तपासून घ्यावेत.

३. ट्रॅक्टरला काय बसतं ते कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला विचारा. कॉम्प्रेसरला जागा आहे का, हायड्रोलिक ट्रेलर ब्रेकचा व्हॉल्व्ह मिळतो का, हे मॉडेलवर अवलंबून असतं.

४. दोन जुगाड कधी करू नका. एक, ट्रॅक्टरच्या स्वतःच्या ब्रेक ऑइलच्या पाइपातून फाटा काढून ट्रॉलीला देणं. तेवढं तेल त्यात नसतं, आणि ट्रॉलीकडे गळती झाली तर ट्रॅक्टरचाही ब्रेक जातो. दोन, डंपिंग जॅकच्या लिव्हरची लाइन थेट ब्रेकला जोडणं. पूर्ण दाब एकदम येतो आणि चाकं जाम होतात.

५. तेलाची मिसळ नको. ट्रॅक्टरच्या हायड्रोलिक तेलावर चालणाऱ्या सिलिंडरमध्ये गाडीचं ब्रेक ऑइल घातलं तर सील फुगतात आणि ब्रेक अडकतो.

६. पाइपाला वळणाएवढी ढील ठेवा. ट्रॅक्टर पूर्ण वळवून बघा, पाइप ताणला जाऊ नये, चाकाला घासू नये, जमिनीवर लोंबू नये. मागच्या ट्रॉलीसाठी जोडणी पहिल्या ट्रॉलीच्या शेवटपर्यंत न्यावी लागते. प्रत्येक ट्रॉलीला स्वतःचा व्हॉल्व्ह आणि एअर ब्रेक असेल तर स्वतःची टाकी हवी.

७. आधी ट्रॉली धरायला हवी. ट्रॉलीचा ब्रेक ट्रॅक्टरपेक्षा किंचित आधी लागेल असं सेटिंग करतात. मग ट्रॉली मागे ओढून धरते, ढकलत नाही. ट्रॅक्टर आधी धरत असेल तर कात्री होण्याचा धोका राहतोच.

८. दोन्ही बाजू सारख्या करा. डावं चाक जास्त धरत असेल तर ट्रॉली त्या बाजूला ओढते. ड्रम आणि लायनरमधलं अंतर दोन्हीकडे सारखं असावं.

चाचणी घेतल्याशिवाय रस्त्यावर नको

मोकळ्या सपाट जागेत आधी रिकाम्या ट्रॉलीवर, बैलगाडीच्या वेगाने सुरुवात करावी. मग हळूहळू वेग वाढवावा आणि शेवटी भरलेल्या ट्रॉलीवर चाचणी घ्यावी. ब्रेक दाबल्यावर ट्रॅक्टरला मागून धक्का बसतो का, ट्रॉली एका बाजूला जाते का, एखादं चाक जाम होऊन काळा पट्टा उमटतो का, हे दुसऱ्या माणसाने लांब बाजूला उभं राहून बघावं.

एअर ब्रेक असेल तर टाकी भरून इंजिन बंद करा आणि दहा मिनिटं मीटरकडे लक्ष ठेवा. काटा झपाट्याने खाली आला तर गळती आहे. साबणाचं पाणी लावलं की जागा सापडते. नंतर गाडी सपाटीवर उभी असताना, चाकांना दगड लावून, लाल पाइप काढून बघा. ट्रॉलीचा ब्रेक लागलाच पाहिजे. नाही लागला तर काम अर्धवट आहे, मेकॅनिकला पूर्ण पैसे देऊ नका.

रोज निघण्याआधी

• ट्रॅक्टरची डावी-उजवी ब्रेक पॅडलं पट्टीने एकत्र लॉक केलेली असावीत. शेतात ती सुटी लागतात. रस्त्यावर सुटी राहिली तर एकच चाक धरतं आणि ट्रॅक्टर गर्रकन फिरतो.
• हुकाच्या पिनेला क्लिप आणि जोडीला साखळी हवी. पिनेच्या जागी गज किंवा बोल्ट नको.
• हवेच्या टाकीतलं पाणी रोज काढावं. मीटर चढल्याशिवाय गाडी हलवू नये.
• उताराच्या आधीच गिअर उतरवावा. जो चढ ज्या गिअरने चढाल, तो उतार त्याच गिअरने उतरावा. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणं किंवा क्लच दाबून ठेवणं म्हणजे इंजिनचा आधारही सोडून देणं.
• चढावर थांबून चाकाला दगड लावला असेल तर निघताना तो उचलावा. रस्त्यात राहिलेला दगड रात्री दुचाकीवाल्याचा जीव घेतो.
• भरलेल्या ट्रॉलीवर किंवा दांडीवर टोळीतल्या माणसांना बसवू नये.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा १९८८ च्या व्याख्येत ट्रेलरही "मोटार वाहन" आहे. म्हणून ट्रॉलीची नोंदणी आणि विमा बघावाच लागतो. विमा फक्त ट्रॅक्टरचा आहे की ट्रॉल्यांचाही, हे पॉलिसीवर वाचून घ्यावं. दोषपूर्ण स्थितीतलं वाहन किंवा ट्रेलर रस्त्यावर चालवणं किंवा चालवू देणं कलम १९० खाली गुन्हा आहे. म्हणजे ड्रायव्हरबरोबर मालकही अडकतो. जादा वजनाला कलम १९४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीनंतर २० हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार रुपये दंडाची तरतूद आहे.

नोंदणीत लिहिलेल्या तपशिलात फरक पडेल असा बदल परवानगीशिवाय करता येत नाही. त्यामुळे एक्सल बदलण्याआधी आपल्या परिवहन कार्यालयात, म्हणजे सोलापूर (एमएच-१३) किंवा अकलूज (एमएच-४५) इथे विचारून घ्यावं. किट आणि कामाचं पक्कं बिल जपून ठेवावं.

खर्चाचं काय?

वाहतुकीचे पैसे टनावर आणि अंतरावर मिळतात. उचल फेडायची असते, हंगाम चार-पाच महिन्यांचा. त्यामुळे खेपा आणि वजन वाढवण्याकडे कल असतो आणि ब्रेकचा खर्च "पुढच्या वर्षी बघू" यात जातो. सगळं एकदम जमत नसेल तर ब्रेक बसेपर्यंत एकच ट्रॉली ओढावी, वजन आवरावं आणि उताराचा रस्ता टाळावा. नवी ट्रॉली घेणाऱ्याने तर ब्रेक एक्सलसहच मागणी नोंदवावी. आधीच बसवलेला ब्रेक नंतर एक्सल बदलण्यापेक्षा सोपा जातो.

काम करून घ्यायची वेळ म्हणजे हंगाम संपल्यावर, उन्हाळ्यात. तेव्हा ट्रॉल्या मोकळ्या असतात, मेकॅनिकलाही सवड असते. मोळी टाकायला सुरुवात झाली की कोणी ट्रॉली दोन दिवस उभी ठेवत नाही.