हजेरीपटावरचे नाव

गेल्या वर्षी दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली. हजेरी घेताना तिसरीतल्या एका मुलीचे नाव पुकारले, तेव्हा मागच्या बाकावरून उत्तर आले, "गुरुजी, ती उसाला गेली." आईबाप ऊसतोडीला गेलेले, कोपीवर धाकट्या भावाला सांभाळायला तीच. सक्तीच्या शिक्षणाचा इतिहास मी धुंडाळू लागलो तो त्या दिवसापासून.

इ. स. 1882 मध्ये हंटर कमिशनपुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन ठेवले. सरकारी महसूल रयतेच्या घामाचा. मग तिची मुले अडाणी का? निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, अशी त्यांची मागणी होती. सरकारने ती ऐकली नाही. सयाजीराव गायकवाडांनी मात्र 1893 मध्ये अमरेली भागात प्रयोग आरंभिला आणि 1906 मध्ये तो साऱ्या बडोदे संस्थानात नेला. त्याच अनुभवाचा आधार घेऊन गोखल्यांनी 1911 मध्ये कायदेमंडळात विधेयक आणले. ते 1912 मध्ये 38 विरुद्ध 13 मतांनी पडले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1917 मध्ये मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा केला. मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड!

पुढे 1950 च्या राज्यघटनेने चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी दहा वर्षांची मुदत घातली. 1960 उलटले. अखेर 2002 च्या घटनादुरुस्तीने शिक्षण हा मूलभूत हक्क ठरला, आणि 2009 चा कायदा 1 एप्रिल 2010 पासून अमलात आला.

या प्रवासात एक गोष्ट मला मोठी वाटते. शाहू महाराजांच्या वेळी सक्ती बापावर होती. नव्या कायद्याने ती सरकारवर आली. मुलाचा प्रवेश, हजेरी आणि आठवीपर्यंतचे शिक्षण यांची जबाबदारी आता सरकारची. आणि वाचकहो, गावात सरकार म्हणजे तरी कोण? खडू हातात घेतलेला मीच की!

म्हणून यंदा दसरा होताच मी तिच्या घरी गेलो. बाप म्हणाला, "गुरुजी, उचल घेतलीया. पोराला कोण बघंल?" मी म्हटले, "तो आता तीन वर्षांचा झाला. त्याला अंगणवाडीत बसवू. दोघांना आजीपाशी ठेवा."

तो काही बोलला नाही. आजी मात्र म्हणाली, "बघू."

सुट्टी संपली की मी ते नाव पुन्हा पुकारीन.