घंटा भीमाशंकरची, मेणबत्ती मोतमाउलीची

खोडदहून नारायणगाव, मंचर, घोडेगाव करत भीमाशंकरला जाणारा रस्ता जुन्नर-आंबेगावच्या माणसाला नवा नाही. श्रावणातला सोमवार असो की महाशिवरात्र, दर्शनाला गेलेल्याचं लक्ष देवळाच्या आवारातल्या मोठ्या घंटेकडे जातंच. ही घंटा देवळासाठी ओतलेली नव्हे. ती पोर्तुगिजांच्या चर्चची. वसई जिंकल्यावर चिमाजीअप्पांनी ती भीमाशंकराला वाहिली, असं परंपरा सांगते. तिच्या बहिणी आणखीही आहेत. एक नाशिकला नारोशंकराच्या देवळात, एक वाईजवळ मेणवलीच्या घाटावर. मेणवलीच्या घंटेवर तर बाळ येशूला घेतलेली मेरी आजही दिसते आणि तीच घंटा शंकरापुढे वाजते.

या घंटांची गोष्ट आपण विजयाची गोष्ट म्हणून ऐकतो, आणि ती विजयाचीच आहे. १७३७ साली मराठी फौजा साष्टी बेटात उतरल्या, ठाणं घेतलं. पुढची दोन वर्षं झुंज चालली आणि मे १७३९ मध्ये वसईचा किल्ला पडला. या लढाईत मराठ्यांची माणसं फार कामी आली. तरीही किल्ल्यातल्या फौजेला सन्मानानं बाहेर जाऊ दिलं गेलं. मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला आपला धर्म पाळण्याची मुभाही शरणागतीच्या अटींत होती.

ही मागे राहिलेली रयत कोण होती? फिरंगी सरदार आणि पाद्री जहाजांत बसून गेले. राहिले ते इथलेच कोळी, शेतकरी, बागायतदार. त्यांच्या वाडवडिलांनी पोर्तुगीज अमलात बाप्तिस्मा घेतला होता, पण घरात बोलली जाई ती मराठीच. घंटा घाट चढून भीमाशंकरला आली, तेव्हा या लोकांच्या देवघराचं काय झालं, हा प्रश्न आपण सहसा विचारत नाही. त्याचं उत्तर वांद्र्याच्या टेकडीवर सापडतं.

वांद्र्याची माउंट मेरी आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. कोळी तिला मोतमाउली म्हणतात. ‘माउंट’चं ‘मोत’ झालं आणि पुढे ‘माउली’ लागली, की परकी देवता घरची होते. सोळाव्या शतकात जेझुइट पाद्र्यांनी मेरीची लाकडी मूर्ती इथे आणली आणि टेकडीवर लहानसं प्रार्थनाघर बांधलं. १७०० साली मस्कतच्या अरबांनी छापा घातला आणि मूर्तीचा उजवा हात तोडला. पुढे १७३८-३९ च्या धामधुमीत ते प्रार्थनाघरच उद्ध्वस्त झालं. माहीमच्या सेंट मायकल चर्चची परंपरा सांगते, की मेरीची प्रतिमा खाडीपलीकडे इंग्रजांच्या हद्दीत, त्या चर्चमध्ये आश्रयाला होती. कोळ्यांची कथा वेगळी आहे. त्यांच्यातल्या एकाला स्वप्न पडलं, आणि मूर्ती समुद्रात सापडली. इतिहासकाराला पहिली गोष्ट जवळची वाटेल. पण दुसरी गोष्ट सांगते, की देवीला परत आणण्याचा मान कोळ्यांनी आपल्याकडे ठेवला.

आता तारखांकडे नीट पाहा. टेकडीवरचं चर्च पुन्हा उभं राहिलं ते १७६०-६१ च्या सुमारास. त्या वेळी साष्टीवर राज्य कुणाचं होतं? पेशव्यांचं. इंग्रजांनी साष्टी घेतली ती १७७४ च्या अखेरीस. म्हणजे ज्या मराठी अमलाची सुरुवात चर्च पडण्यापासून झाली, त्याच अमलात वीस-बावीस वर्षांनी चर्च पुन्हा बांधलं गेलं. तिकडे पानिपत घडत होतं, आणि इकडे वांद्र्याचे लोक दगड रचत होते. घंटेची गोष्ट १७३९ ला संपवली, तर हा उत्तरार्ध आपल्याला कळतच नाही.

आज जी इमारत दिसते ती १९०४ ची. तिचा वास्तुविशारद शापूरजी चांदाभॉय, म्हणजे पारशी. तिथवर जाण्याची वाटही पारशी घराण्यानंच सोपी केली. पूर्वी माहीम आणि वांद्रे यांच्यामध्ये खाडी होती आणि नावेतून जीव मुठीत धरून जावं लागे. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी अवाबाई यांनी १ लाख ५७ हजार रुपये दिले आणि १८४५ साली माहीमचा कॉजवे खुला झाला. लेडी जमशेदजी रोड हे नाव त्यांचंच.

आठ सप्टेंबर हा मेरीचा जन्मदिवस. त्यानंतरच्या रविवारी वांद्र्याची जत्रा सुरू होते आणि आठवडाभर चालते. बाहेरच्या दुकानांत मेणबत्त्या तर असतातच, शिवाय मेणाचे हात, पाय, बाळं आणि घरंही मिळतात. गुडघा दुखत असेल त्यानं पाय वाहायचा, मूल हवं असेल तिनं बाळ, आणि भाड्याच्या खोलीत दिवस काढणाऱ्यानं घर. आपल्याकडच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. देवीला चांदीचे डोळे वाहणारे, नवसाचा पाळणा बांधणारे, दीपमाळेवर पणती ठेवणारे आपणच. फक्त चांदीच्या जागी मेण आलं.

ही रीत ख्रिस्ती धर्माहूनही जुनी आहे. इटलीत येशूच्या जन्माआधीच्या देवळांच्या जागी भाजक्या मातीचे हात, पाय, डोळे, कान ढिगांनी सापडले आहेत. रोममध्ये टायबर नदीच्या बेटावर वैद्यकाच्या देवाचं देऊळ होतं, तिथेही रोगी अशाच वस्तू वाहत. देव बदलले, देवळांची चर्च झाली, पण दुखणाऱ्या अवयवाची प्रतिमा देवापुढे ठेवण्याची माणसाची सवय सुटली नाही. आजही इटलीतल्या कुठल्याही गावात प्रवासी चर्चमध्ये शिरतो, पेटीत नाणं टाकतो, आपल्या माणसाची आठवण करून एक मेणबत्ती लावतो आणि पुढे जातो. त्याचा धर्म कुणी विचारत नाही. हल्ली काही ठिकाणी नाणं टाकल्यावर विजेची ज्योत पेटते, इतकाच फरक.

मेणबत्ती पूर्वी इतकी स्वस्तही नव्हती. वेदीवर मधमाशीच्या मेणाचीच मेणबत्ती हवी, असा कॅथलिक चर्चचा दंडक होता, आणि असं मेण महाग. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खनिज तेलापासून काढलेलं पॅराफिन बाजारात आलं आणि गरिबालाही देवापुढे मेणबत्ती लावणं परवडू लागलं. आपल्याकडे पणतीभर तेलाला जे स्थान, ते तिकडे या पांढऱ्या मेणबत्तीला मिळालं.

इटलीचा आणखी एक धागा माहीमला पोचतो. सेंट मायकल चर्चमध्ये ८ सप्टेंबर १९४८ पासून दर बुधवारी नोव्हेना होते. तिथे जिची आळवणी होते ती सदासाहाय्य माता, आणि तिचं मूळ चित्र रोममध्ये आहे. १४९९ पासून ते तिथल्या एका चर्चमध्ये होतं. १७९८ साली फ्रेंच फौजांच्या काळात ते चर्च पाडलं गेलं, आणि चित्र विस्मरणात गेलं. १८६६ साली पोपनं ते त्याच जागी बांधलेल्या नव्या चर्चमध्ये पुन्हा लोकांसमोर ठेवलं. म्हणजे युद्धात चर्च पडणं, प्रतिमेनं आसरा शोधणं आणि लोकांनी तिला परत आणणं ही कथा रोमचीही आहे. तिथे तर फौज आणि चर्च दोन्ही एकाच धर्माच्या मुलखातली होती.

जुन्नर-आंबेगावच्या अनेक घरांचा एक पाय पिढ्यानपिढ्या मुंबईत आहे. डबेवाले याच पट्ट्यातले आणि शेजारच्या खेड-मावळातले. बुधवारी माहीमच्या रांगेत कपाळाला कुंकू लावलेल्या बायका पाहून मुंबईत कुणाला नवल वाटत नाही. मुलाची नोकरी, मुलीचं लग्न, नवऱ्याचं दुखणं अशी त्यांची मागणी, आणि हातात मेणबत्ती. सुट्टीत गावी आलं की याच बायका भीमाशंकरला जातात आणि चर्चची घंटा वाजवून शंकराला हाक मारतात.

भीमाशंकरची घंटा विजयाची खूण आहे, हे लपवायचं कारण नाही. वसईसाठी ज्यांनी प्राण दिले, त्यांचं ऋण ती सांगते. पण ती घंटा ज्यांच्या कानांवर आधी रोज पडत होती, तीही याच मातीतली माणसं होती, हेही ती सांगते. राज्यं आली नि गेली. घंटा घाटावरून परत खाली उतरली नाही, आणि टेकडीवरची ज्योत फार काळ विझूनही राहिली नाही. ती पुन्हा पेटवली ती कुठल्या फौजेनं नव्हे, आपलं दुखणं आणि आपला नवस घेऊन टेकडी चढणाऱ्या साध्या माणसांनी.